साडेबारा हजार किलोमीटरवरचा मुराळी

मुंबई ते टोरांटो अंतर किती, असं इंटरनेटवर विचारलं की साडेबारा हजार किलोमीटर असं उत्तर येतं. खाली लिहिलेलं असतं, विमानाने अंदाजे पंधरा तास. हे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही बिनकामाचे आहेत. मी जळगावच्या एका शाळेत कित्येक वर्षं भूगोल शिकवते, त्यामुळे हे मी कोणालाही न भिता सांगू शकते. ते अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेलं असतं. ते तास अशा विमानाचे असतात, जे वाटेत कुठेही थांबत नाही. मी तिकीट शोधलं तेव्हा असं विमान मला तरी मिळालं नाही. आमच्या दारातून निघून माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात पोचायला मला दीड दिवस लागला. तिथे मी दोन दिवस राहिले आणि तिला घेऊन परत आले. इतकं लांब जाऊन दोन दिवसांत परत कशाला, असं मला शाळेतल्या प्रत्येकानं विचारलं. मी सांगितलं, मी मुराळी म्हणून गेले होते.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. येते म्हणजे आपली आपण येत नाही. माहेरचं कोणीतरी तिला आणायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, भाऊ नसेल तर चुलतभाऊ, तोही नसेल तर बाप. मुराळी सासरी जातो, चहा घेतो, जेवतो, व्याह्यांशी पाऊसपाण्याच्या गोष्टी करतो आणि मग लेकीला घेऊन निघतो. आता एसट्या आहेत, मोबाइल आहेत, मुली स्वतः गाडी चालवत येतात आणि पुष्कळ घरांनी हे सोडून दिलं. आमच्या आबांनी सोडलं नाही.

माझं सासर माहेरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. रोज सकाळी शाळेत जाताना मी आबांकडे डोकावते, त्यांच्या गोळ्या बघते, दुधाची पिशवी आत ठेवते. तरीही दरवर्षी आखाजीच्या आधी आबा पांढरा सदरा, लेंगा, टोपी असा थाट करून रिक्षाने माझ्या सासरी येतात. रिक्षावाल्याला वाटतं म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील. माझे सासरे दारापर्यंत जाऊन 'या, व्याही' म्हणतात, जणू दोघं तासाभरापूर्वी एकाच टपरीवर पेपर वाचत नव्हते. चहा होतो, फराळ होतो. मग आबा घसा साफ करून म्हणतात, "पोरले लेवाले उनू," म्हणजे पोरीला न्यायला आलो. सासरे म्हणतात, न्या. मी पिशवी घेऊन रिक्षात बसते आणि बसल्या बसल्या उतरते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला हसू आवरलं नव्हतं. आताही हसू येतं, पण रिक्षा वळली की दरवेळी बरं वाटतं. कोणीतरी आपल्याला न्यायला आलं, हे बरं वाटायला अंतर लागत नाही.

धाकटीचं सासर मात्र खरंच लांब होतं. लग्न होऊन ती टोरांटोला गेली तेव्हा आबांनी शाळेच्या नकाशात ते गाव बोटानं शोधलं होतं. आई आम्ही दोघी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे धाकटीला मी वाढवलं असं मी म्हणते आणि मी एकटीच वाढलेय असं ती म्हणते. दोन्हींत थोडं खरं आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत ती आणि नवरा जोडीनं येऊन गेले. मग तिथल्या त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला आबांनी आणि मी जायचं ठरलं. आम्ही दोघांनी व्हिसा काढला, बॅगा आणल्या, आणि जायच्या आधीच त्या दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. ते घर गेलं, व्हिसा तेवढा राहिला.

का वेगळे झाले, याचं उत्तर धाकटीनं मला एका वाक्यात दिलं. जमलं नाही. मला ते पुरलं, कारण मी तिला ओळखते. आमच्या गल्लीला मात्र 'जमलं नाही' एवढं कधीच पुरत नाही. तिथे मारहाण लागते, सवत लागते, निदान सासू तरी लागते. यातलं काही नव्हतं. घटस्फोट झाला, तिनं नोकरी सुरू ठेवली, काही काळानं स्वतःच्या नावावर एक छोटा फ्लॅट घेतला, आणि तीन वर्षं ती जळगावला आली नाही.

दरवर्षी फोनवर तिची कारणं ठरलेली असत. रजा नाही, तिकीट महाग झालं, ऑफिसात माणसं कमी आहेत. मी शिक्षिका आहे. न येण्याची कारणं मी दिवसभर ऐकते आणि कोणतं खरं हे मला तोंड बघून कळतं. एकदा व्हिडिओ कॉलवर मी तिला सरळ विचारलं. ती चहाचा कप फिरवत म्हणाली, "ताई, मुंबईपर्यंत मी येईन गं. स्टेशनवरही उतरेन. पण रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते ना, तिथून आपल्या दारापर्यंत बॅग ओढत एकटीनं चालायचं, तेवढं मला जमणार नाही." आमची गल्ली अरुंद आहे, रिक्षा आत येत नाही. तोंडाशी उतरून पाच-सहा घरं ओलांडली की आमचं दार. त्याच गल्लीतून तिची वरात निघाली होती.

त्या वर्षी हिवाळ्यात आबांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली. ते ठणठणीत झाले, पण डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला सक्त मनाई केली. घरी येऊन त्यांना आठवडा झाला. मग एका सकाळी मी गोळ्या काढून देत असताना म्हणाले, "यंदा आखाजीले धाकलीले आनानं शे." मी म्हटलं, आबा, ती यायला तयार नाही. गल्लीतून चालायचं तिच्या जिवावर येतं, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ते गल्लीला चार शिव्या देतील. त्यांनी गोळी गिळली, पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "बराबर शे तिनं. एकटी उनी तर लोके म्हनतीन, परत उनी. कोनी लेवाले गयं तर म्हनतीन, माहेरले उनी."

मी माझ्या बापाचं म्हणणं इतक्या लवकर कधी मान्य करत नाही. मी वाद घातला. म्हटलं, आजच्या काळात हे काय, तिचं तिनं ताठ मानेनं यावं, लोक काय म्हणतात त्याची पर्वा कशाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, मग मी तुझ्याकडे दरवर्षी येतो तेव्हा तू रिक्षात का बसतेस? चालत का येत नाहीस? संध्याकाळी मी धाकटीला फोन केला आणि म्हटलं, मी तुला आणायला येतेय. ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला." थोड्या वेळानं म्हणाली, "कधी येतेस?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जा की. तो मोजकं बोलतो, हा त्याचा मोठा गुण आहे. धुळ्याच्या आत्यानं मात्र फोनवर हरकत घेतली. बाई माणूस मुराळी म्हणून गेल्याचं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मी तिला म्हटलं, आत्या, तुझ्याकडे एखादा पुरुष असेल ज्याच्याकडे कॅनडाचा व्हिसा आहे, तर पाठव, मी घरी बसते. असा पुरुष आत्याकडे नव्हता.

आता तिकिटाची गोष्ट. आबांना मार्ग समजून घ्यायचा होता. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि सपाट नकाशानं माणसाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच कशानं केलं असेल, असं माझं ठाम मत आहे. मी शाळेतून पृथ्वीगोल पिशवीत घालून आणला. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं टोरांटोवर, आणि दोरा ताणला. आबांची अपेक्षा होती की दोरा अरबस्तानावरून, आफ्रिकेच्या डोक्यावरून, समुद्र ओलांडून सरळ पश्चिमेला जाईल. दोरा गेला अफगाणिस्तानवरून वर, रशियातून, नॉर्वेच्या माथ्यावरून, ग्रीनलँडच्या बर्फावरून, आणि मग खाली उतरला. आबा चष्मा वर करून बघत राहिले. "इतलं वर कसाले जास ते इमान?" मी म्हटलं, गोल वस्तूवर हाच जवळचा रस्ता. त्यांनी स्वतः दोरा ताणून बघितला, सोडला, परत ताणला आणि कबूल केलं. त्या दिवशी मी फार खूश होते; माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी दोरा बघत नाही. खरं विमान युरोपात थांबून, वळसा घेऊन जाणार होतं, हेही मी सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न मला आजही आवडतो. म्हणाले, ते पंधरा तास विमानाचे की माणसाचे?

मग वार आडवा आला. आमच्या घरात लेक बुधवारी प्रवासाला निघत नाही, ही आजीपासूनची शिस्त. मला मिळालेलं परतीचं तिकीट मंगळवारी संध्याकाळचं होतं. आबांनी बोटांवर मोजून हिशेब केला आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथे मंगळवारची संध्याकाळ असेल तेव्हा जळगावात बुधवार उजाडलेला असेल. मीच त्यांना वेळेतला फरक शिकवला होता, तो असा माझ्यावर उलटला. आता वार कुठला धरायचा? मी माझा वर्गातला आवाज लावून सांगितलं, निघणारी जिथे आहे तिथला. आबांनी दिवसभर विचार केला, आत्याला फोन केला, आत्यानं आणखी कोणाला तरी केला, आणि संध्याकाळी मंजुरी आली.

परीक्षा संपल्या होत्या. निकालाचं काम मी एका सहकारी बाईंच्या गळ्यात घातलं आणि निघाले. प्रवासाचं वर्णन करत नाही. कोणीही बसून करू शकेल असा तो प्रवास आहे. अवघड काही नसतं, फक्त फार असतं. बॅगेत आबांनी दिलेल्या सांजोऱ्या होत्या आणि धाकटीसाठी साडी. मुराळी रिकाम्या हातानं जात नाही.

टोरांटोच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीत माझ्या वयाची एक बाई होती. तिनं विचारलं, कशासाठी आलात? माझं इंग्रजी शाळेचं आहे पण स्वच्छ आहे. मी म्हटलं, बहिणीला घरी न्यायला आले आहे. तिनं विचारलं, किती दिवस राहणार? मी म्हटलं, दोन. तिनं मान वर केली. एवढ्या लांबून दोन दिवसांसाठी? मी म्हटलं, हो, न्यायचंच तर आहे. बहीण आजारी आहे का? नाही. तिला एकटीला प्रवास करता येत नाही का? येतो की. मग ती बाई थोडी पुढे वाकली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, तिची यायची इच्छा आहे का?

इथे मी चूक केली. मला प्रश्नच गमतीचा वाटला. लेकीला माहेरी यायची इच्छा आहे का, हे आमच्याकडे कोणी मुराळ्याला विचारलं तर लोक त्याच्याकडे वेडा म्हणून बघतील. मी हसून, अगदी आत्मविश्वासानं सांगितलं, हे आम्ही विचारत नाही.

त्या बाईच्या चेहऱ्यावरचं सगळं मऊपण एकदम गेलं. तिनं माझा पासपोर्ट हातात घेतला, धाकटीचा फोन नंबर लिहून घेतला आणि मला बाजूच्या एका खोलीत बसवलं. तिथे बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक बाई दूर देशातून येते, धाकट्या बहिणीला घेऊन लगेच परत जाणार, आणि म्हणते की तिची इच्छा आम्ही विचारत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मला सोडलं नसतं. मला तिचा राग आला नाही. आला असेल तर थोडा, आणि तोही भूक लागली होती म्हणून.

पण बसल्या बसल्या तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आबांनी ठरवलं, मी ठरवलं, आत्यानं वार मंजूर केला. धाकटी फक्त 'कधी येतेस' म्हणाली होती. ये, असं ती म्हणाली नव्हती. आता पलीकडे कोणीतरी तिला फोनवर विचारणार होतं, तुमच्यावर जबरदस्ती आहे का, आणि ती काय सांगेल हे मला माहीत नव्हतं. मला खरंच भीती वाटली. ती नाही म्हणाली असती तर मी परत जाऊन आबांना काय सांगणार होते?

बऱ्याच वेळानं ती बाई आली. हातात पासपोर्ट होता आणि चेहरा बदललेला होता. समोर बसून तिनं विचारलं, तुमचं सासर तुमच्या वडिलांच्या घरापासून किती लांब आहे? मी म्हटलं, दोन गल्ल्या. तिनं विचारलं, आणि वडील तुम्हाला न्यायला टॅक्सी करून येतात? मी म्हटलं, रिक्षा. ती हसली. मग म्हणाली, तुमची बहीण बाहेर कधीपासून उभी आहे. तिनं सांगितलंय की ती तीन वर्षं कोणीतरी न्यायला यायची वाट बघत होती.

मी खाली बघून पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. ठेवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

बाहेर धाकटी जाड कोट घालून उभी होती. आम्ही दोघी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही. तिनं माझी बॅग घेतली आणि म्हणाली, "तू पोलिसांना काय सांगितलंस?" मी म्हटलं, "खरं सांगितलं." ती म्हणाली, "तेच तर." आणि मग आम्ही दोघी तिथे, त्या थंडगार काचेच्या इमारतीत, इतक्या हसलो की एक माणूस वळून बघायला लागला. हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तिचा हात धरून उभी राहिले. ती तिसरी-चौथीत असताना मी तिला शाळेत सोडायला जायचे, तेव्हा धरायचे तसा.

तिचा फ्लॅट छोटा आणि नीटनेटका होता. मुराळ्याला जेवू घालायचं म्हणून तिनं भरीत केलं होतं, तिकडच्या फुगलेल्या काळ्या वांग्याचं, गॅसवर भाजून. चव नव्हती. मी दोनदा घेतलं. ती मला घरातली एकेक गोष्ट दाखवत होती. हे कपाट मी स्वतः जोडलं, हा नळ मी दुरुस्त केला, हिवाळ्यात ही खिडकी अशी बंद करायची. ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती तेव्हाही इतकं बोलली नव्हती. दोन दिवस आम्ही झोपलो, जेवलो, बाजारात जाऊन आबांसाठी एक स्वेटर आणला, जो जळगावात कोणी कधी घालणार नाही. मंगळवारी संध्याकाळी, तिथल्या वारानं, आम्ही निघालो.

विमानात तिच्या समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक छोटं विमान. खाली आकडा, अजून इतके किलोमीटर. तो आकडा हळूहळू कमी होत होता आणि धाकटी त्याच्याकडे एकटक बघत होती. मी तिला सांगितलं की हा नकाशा सपाट आहे, याच्यावर विश्वास ठेवू नकोस. ती म्हणाली, ताई, आता गप्प बस. मुंबईपासून सकाळच्या गाडीत ती बरी होती; खिडकीतून मला शेतं दाखवत होती, जणू मी ती कधी पाहिली नाहीत. चाळीसगाव गेल्यावर मात्र तिनं केस बांधले, सोडले, परत बांधले. पाणी प्यायली. म्हणाली, बरं झालं, दुपारी पोचू. आखाजीच्या दिवसांत भर दुपारी जळगावात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. गल्ली झोपलेली असेल, आपण गुपचूप आत जाऊ. मलाही तसंच वाटत होतं.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. त्या आगीसारख्या उन्हात प्रत्येक दारात माणूस होतं. बायका डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात, पोरं कट्ट्यावर, समोरच्या घरचे सगळेच बाहेर. आबांनी सकाळपासून घरोघर जाऊन सांगितलं होतं की पोर येतेय आणि मोठी तिला आणायला गेलीय. ते स्वतः आमच्या दारात उभे होते, पांढरा सदरा, लेंगा, टोपी. मला पाहून ओरडले, "या वं, बठ्ठी गल्ली वाट देखी ऱ्हायनी."

धाकटी रिक्षात बसूनच राहिली. मी आधी उतरले, दोन्ही बॅगा घेतल्या आणि तिला म्हटलं, चल. मग ती उतरली. आम्ही चालायला लागलो. पहिल्याच घराच्या दारात, आमच्या समोर राहणाऱ्या अक्का येऊन उभ्या होत्या. सगळ्यांच्या बातम्या त्यांच्याकडे आधी पोचतात आणि धाकटीला सगळ्यात जास्त धाक त्यांचाच होता. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कोन गयथं वं लेवाले?"

न्यायला कोण गेलं होतं, हा आमच्याकडे माहेरी आलेल्या प्रत्येक लेकीला विचारायचा पहिला प्रश्न आहे. तो विचारला म्हणजे ती माहेरी आली, असा अर्थ. धाकटीच्या हे माझ्याआधी लक्षात आलं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "ताई आलती, अक्का. विमानानं." अक्कांनी माझ्याकडे बघितलं, बाई मुराळी कशी, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, पण त्या तेवढं गिळून गेल्या. "दमनी व्हशीन," म्हणाल्या, आणि पुढे होऊन धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. दारात आबांनी भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

तो महिना चांगला गेला. मांडे झाले, आमरस झाला, धुळ्याची आत्या येऊन राहिली आणि मला मुराळ्याचा मान म्हणून टॉवेल-टोपी द्यायची की ब्लाऊजपीस, यावर तिनं दोन दिवस घातले. टोपी मिळाली. ती मी शाळेत घालून गेले नाही, एवढंच. घटस्फोटाबद्दल गल्लीत बोलले नसतील असं नाही. पण जे बोलले ते दार लावून बोलले. कारण उघड्यावर ती माहेरी आलेली लेक होती आणि माहेरी आलेल्या लेकीला आमच्याकडे कोणी तोंडावर काही बोलत नाही. धाकटी संध्याकाळी एकटी भाजी आणायला जायला लागली. एकदा नशिराबादला मैत्रिणीकडे राहूनही आली.

मग तिच्या जायचा दिवस जवळ आला आणि आबांची घालमेल सुरू झाली. आणलेल्या लेकीला परत पोचवायलाही सोबत लागते. सासरचं कोणी न्यायला येतं, नाहीतर माहेरचं कोणी सोडायला जातं. सासरचं कोणी येणार नव्हतं. माझी शाळा सुरू झाली होती आणि मुख्याध्यापक मला पुन्हा सोडायला तयार नव्हते. आबांनी माझ्या नवऱ्याकडे आशेनं बघितलं. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, डॉक्टरला विचारून बघतो, मीच जातो.

धाकटी ताटातला भात कालवत होती. ती न थांबता, अगदी साधेपणानं म्हणाली, "आबा, सासरी जाताना सोबत लागते. मी माझ्या घरी चालले आहे."

आबांनी आमटी वाढून घेतली. जेवण झाल्यावर मी भांडी उचलत असताना त्यांनी तिला विचारलं, घरातला नळ आता गळत नाही ना. ती म्हणाली, नाही.

ती निघाली तो बुधवार नव्हता, एवढं मात्र त्यांनी पाहिलं. सकाळच्या गाडीला मी तिला स्टेशनवर सोडलं. गल्लीच्या तोंडापर्यंत ती स्वतःची बॅग ओढत गेली. वाटेत चार घरी थांबली, चार ठिकाणी कुंकू लावून घेतलं आणि आम्हाला उशीर केला. गाडी सुटल्यावर मी घरी परत आले तेव्हा समोरच्या अक्का आमच्या ओट्यावर आबांशी बोलत उभ्या होत्या. मी चपला काढत होते. अक्का आबांना विचारत होत्या, "मंग कोन गयं तिले पोचाडाले?"

आबांनी पेपर खाली ठेवला. पाठ सरळ केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कोनी नही. तठे तिनं सोतानं घर शे."